मठातल्या बाकावर

बाबा, मी काल एका मठात जाऊन बसले. ख्रिस्ती साधूंच्या, कित्येक शतकं जुन्या. तुम्ही असतात तर पेपर खाली ठेवून चष्म्यावरून पाहिलं असतंत, म्हणून आधीच सांगते, कुणाला विचारून गेले नव्हते आणि माफीही मागणार नाही.

अख्खा मठ नव्हे, त्यातली सभेची खोली. कुणा हौशी श्रीमंतांनी ती फ्रान्सहून दगड दगड सोडवून बोटीने महासागर ओलांडून इकडे आणली आणि पुन्हा जुळवली. आता ती श्रूजबरीतल्या आमच्या घरापासून जवळच्या एका म्युझियममध्ये उभी आहे. तुमच्या नातीला फेब्रुवारीची सुट्टी, बाहेर बर्फाचा चिखल, म्हणून गेलो. खोलीच्या दाराशी मी नकळत बूट काढले. लेण्यांमध्ये तुम्ही काढायला लावायचात ना, ती सवय. पोरगी ओशाळली. "मॉम, इट्स अ म्युझियम." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्यांच्या देवाच्या उंबऱ्यावर उभी आहे, आणि पाय तिथेच थांबले.

पाचवीच्या सहलीत सगळा वर्ग देवळात गेला आणि मी बसमध्ये बसून राहिले, कारण तुमचा हुकूम होता. बाईंनी आणून दिलेला प्रसादाचा पेढा मात्र खाल्ला आणि घरी येऊन तसं सांगितलंही. आई पोळ्या लाटतेय. तुम्ही मला दंडाला धरून मोरीत नेता, चूळ भरायला लावता. "ज्या पायरीवरून माझ्या बापाला हाकललं, तिला आपल्या घरातल्या कुणाचा पाय लागणार नाही," म्हणता. आई मान वर करत नाही. तो राग मला तेव्हाही कळला होता, आजही कळतो. पण इथल्या मंडळाच्या गणपतीत "या ना वहिनी, आत या" म्हणून बोलावतात, तेव्हा मी अजूनही "चपला सांभाळते" म्हणून हसत बाहेर थांबते. लोकांना वाटतं, काय साधी बाई आहे.

पांढऱ्या केसांची एक गाइड माहिती सांगत होती. भिंतीलगतच्या दगडी बाकांवर शिकलेले साधू बसायचे, मठाचा कारभार ठरवायचे. शेत नांगरणारे, गोठा झाडणारे बंधूही त्याच मठाचे, पण त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून आत जागा नाही. ते बाहेर उभे राहून खोलीच्या उघड्या खिडक्यांतून ऐकायचे. "सो दे जस्ट स्टूड देअर?" तुमच्या नातीने विचारलं. गाइड हो म्हणाली. मला एकदम संताप आला. कुणाचा, ते त्या क्षणी कळलं नाही. मी ओल्या मोज्यांनीच आत गेले आणि समोरच्या भिंतीशी, जिथे मठाचा मुख्य बसायचा म्हणे, तिथे बसले. पोरगी शेजारी येऊन टेकली.

त्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं, हे खरंच आहे बाबा. पण तुम्हीही मला बाहेरच ठेवलंत, फक्त मान ताठ करून. बसमध्ये एकट्या बसलेल्या पोरीला त्यातला फरक कळत नाही. मी कुठल्या देवापुढे वाकणार नाही, बावीस प्रतिज्ञा मला आजही तोंडपाठ आहेत. पण कुठे शिरायचं आणि कुठे बसायचं हे मी ठरवणार, आणि पोरीलाही तेच शिकवणार. यंदाच्या गणपतीत मी आत जाऊन खुर्चीवर बसेन. हात जोडणार नाही, उठणारही नाही. तुम्हाला राग आला तर येऊ दे.

हे पत्र तुमच्या फोटोपुढेसुद्धा ठेवणार नाही. एवढं तावातावाने लिहिलं खरं, पण त्या बाकावर बसल्यावर मी एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि तुम्ही बाहेर उभे आहात असं वाटलं. खरंच असतात, तर तुम्हाला आत या म्हणायची माझी छाती झाली नसती. मीच उठून बाहेर आले असते.