आईच्या डोळ्यातलं तेल

सोमवार, २५ मार्च १९९६
शनिवारच्या पानावर मी चुकीचं लिहिलंय. आईच्या डोळ्यात भरलेलं तेल ‘कायमचं राहणार’ असं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. आज तपासणीला गेलो तेव्हा मुद्दाम पुन्हा विचारलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटून त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. ऑपरेशनमध्ये तो सपाट केला आणि तेलाने दाबून धरलाय. तीन-चार महिन्यांनी तेल काढायचं. काढलं तर पडदा पुन्हा सुटू शकतो. ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.
डावा डोळा आधीच गेलेला. आहे तो हाच.
बाबा जिन्यातच म्हणाले, “हिला यातलं काही बोलायचं नाही. घाबरेल.”
मी हो म्हटलं.

बुधवार, २७ मार्च
आई दिवसभर पालथी. तेल वर तरंगतं, म्हणून तोंड खालीच हवं — तरच ते मागच्या पडद्याला टेकतं. कपाळाखाली जुन्या पातळाची चुंबळ दिलीय, म्हणजे नाक मोकळं राहतं.
संध्याकाळी बाबा कॉटजवळ बसून हळूच म्हणाले, “तेल नाहीच काढलं तर?” आम्ही बराच वेळ तेच बोलत राहिलो. आईला झोप लागली होती.

शुक्रवार, २९ मार्च
शेजारच्या दुर्गाकाकू चैत्राचं कुंकू लावायला आल्या. आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे. आई स्टुलावर कपाळ टेकून बसलेली. “मनोरमा, तोंड वर कर गं,” — आणि आईने मान उचललीच! मी धावत जाऊन खाली दाबली.
“सवाष्णीला कुंकू नको म्हणतेस? एवढी शिकलीस ती यासाठी?”
मी तेलाचं समजावलं. काकू पुटपुटत फरशीवर बसल्या आणि खालून हात घालून कुंकू लावलं.
“दुर्गे, नाकाला लावलंस.”
“मग तू लाव, येऊन बस इथे खाली.”
दोघी हसत सुटल्या. मला मात्र त्या उचललेल्या मानेचीच धास्ती.

रविवार, ३१ मार्च
शाळेत जायच्या आधी अक्षरं आईनेच शिकवली, तांदळाच्या ताटात. चुकलं तर स्वतः कधी मोडायची नाही. “तुझं आहे, तू मोड,” म्हणायची.
आणि तिच्या डोळ्याचं आम्ही दोघं ठरवतोय.

मंगळवार, २ एप्रिल
आईला सगळं सांगितलं. ती पालथीच होती.
“ठाऊक आहे. तुम्ही माझ्या उशाशीच तर बोलत होतात. डॉक्टरांना मी विचारीन, मग ठरवीन. तुझ्या बाबांना मात्र बोलू नकोस हं, मला माहितीये ते. घाबरतील.”
या वेळी मी हो म्हटलं नाही. शनिवारी, सहा तारखेला बाबांचा हाफ-डे असतो. दोघांना एका कॉटवर बसवून बोलणार.