युदोन आजीची क्रियापदं

ऊर्जानगर, चंद्रपूर
८ नोव्हेंबर १९८७

प्रिय देवराव,

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. आत तुझा छापील लेख आणि त्याला टाचलेली चिठ्ठी, ‘बर्मी भाषेवरची दुसरी वही लवकर पाठव.’ लेख मी दारातच उभ्यानं वाचला. वहिनी जेवायला हाका मारून थकली. वाक्यं माझी, उदाहरणं माझी, त्यांचा क्रमसुद्धा माझा. नाव तेवढं तुझं. आणि शेवटी बारीक टायपात एक ओळ, ‘सामग्री एका स्वेटरविक्रेतीकडून गोळा झाली.’ गोळा झाली? अरे, झाडाखाली पडलेली मोहफुलंसुद्धा कुणीतरी वाकून वेचतं, तेव्हा गोळा होतात.

कशी गोळा केली ते ऐक. सहा वर्षांपूर्वी हिवाळ्यात जटपुरा गेटजवळ मी स्वेटर अंगाला लावून बघत होते. विकणारी तिबेटी आजी सुनेवर डाफरत होती. चहाचं पाणी उकळलं का, असं विचारताना ती ‘खोल’सारखं काहीतरी म्हणाली, उकळव म्हणताना ‘कोल’सारखं. पुण्यात आपण दोघं तिबेटी लिपी शिकलो होतो, आठवतं? मला माहीत होतं की उकळवणं या अर्थाच्या शब्दाआधी लिहिताना एक ‘स’ असतो, जो आता कुणी उच्चारत नाही. मी स्वेटर विसरले आणि ऐकत राहिले. त्या युदोन आजी.

पुढचे चार हिवाळे मी त्यांच्या दुकानापाशी बसले आणि दोन पावसाळे चांदा फोर्टहून छोट्या गाडीनं वडसा आणि तिथून बसनं त्यांच्या निर्वासित वसाहतीत जात राहिले. आजी धानात निंदण करायच्या आणि मी बांधावर वही घेऊन. ‘लोग’ म्हणजे परत फिरणं. तोच शब्द वरच्या सुरात म्हटला की परत फिरवणं. तिबेटी आणि बर्मी ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, ती बोलणारी माणसं कधीकाळी क्रियापदाआधी ‘स’ लावत, आणि नुसत्या घडणाऱ्या गोष्टीमागे ती घडवणारा उभा राही. पुढे जिभेवरून तो ‘स’ झिजला. तिबेटीत त्याच्या जागी सूर चढला, बर्मीत नुसता श्वास उरला. लुत म्हणजे सुटणं, ह्लुत म्हणजे सोडणं. जुन्या पंडितांनी ग्रंथांवरून हे ओळखलं होतंच. पण आज चुलीपाशी, शेतात, भांडणात यातल्या कुठल्या जोड्या जिवंत आहेत, हे कुणी बसून ऐकलं नव्हतं. ते मी ऐकलं, देवराव. पायाला जळवा लागेपर्यंत ऐकलं.

आता तुझ्या लेखातली तिसरी जोडी बघ. ‘ना’ म्हणजे आजारी पडणं, वरच्या सुरातला ‘ना’ म्हणजे आजारी पाडणं. किती सुंदर बसते, नाही? दुसऱ्या शब्दाआधी लिहिताना ‘स’ही आहे. पहिल्या वर्षी मीही हरखले होते. आजींना तेव्हा पडसं झालं होतं आणि त्या चेहऱ्याकडे बोट करून तो शब्द म्हणत होत्या. मी लिहून घेतला. पुढच्या वर्षी वाचून दाखवला तर आजी हसता हसता बांधावर बसल्याच. ‘अवं बाई, हे तं नाक होय!’ वरच्या सुरातला ‘ना’ म्हणजे नाक, देवराव. नुसतं नाक. माझ्या वहीत ती ओळ मी खोडली. पण तुला पाठवली होती ती पहिल्या वर्षाची नक्कल. तू माझी चूकसुद्धा न तपासता स्वतःच्या नावावर छापलीस. एकदा वसाहतीत आला असतास, तर त्या म्हातारीनं तुला एका मिनिटात वाचवलं असतं.

ती नक्कल तूच मागितली होतीस. ‘मनू, सरांना दाखवतो, तुझी पीएच.डी. मार्गी लागेल,’ असं लिहिलं होतंस. मी विश्वास ठेवला, कारण तू अहेरीचा, आपल्याकडचा. दुसरं कारण तुला माहीत आहे. नोकरी लागेपर्यंत थांब म्हणालास, मी थांबले. मग तुझी लग्नपत्रिका आली आणि मी अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. एका शब्दानं विचारलं नाही. त्यावरून तुला वाटलं असेल, हिचं काहीही घेतलं तरी ही गप्पच बसते. ती गोष्ट माझ्या एकटीची होती, म्हणून गिळली. ही एकटीची नाही.

परवा वसाहतीत जाऊन तुझा लेख आजींना समजावून सांगितला. चुकीवर हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. ‘तेथी माहं नाव काऊन नाई? मले नाव नाई का?’ एवढंच म्हणाल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी डोंगर ओलांडून आलेली बाई ती. तिच्यापाशी तिचं नाव आणि तिची भाषा, एवढंच तर होतं.

दुसरी वही तुला मिळणार नाही. रंगूनच्या गोदीत अर्धं आयुष्य काढलेल्या सिरोंच्याच्या पोचूकाकांकडून मी ती भरली, तीही त्यांच्या नावासकट छापली जाईल. पुण्याच्या डिसेंबरातल्या परिसंवादात तू हाच लेख वाचणार आहेस ना? मी संयोजकांना वहीची मूळ पानं दाखवली. तुझ्यानंतरची पंधरा मिनिटं त्यांनी मला दिली आहेत. आजीही येताहेत, ऐन हंगामात दुकान सुनेवर सोपवून. त्या पहिल्या रांगेत बसतील. लेख सुरू करण्यापूर्वी तू उभा राहून त्यांचं नाव घेतलंस आणि हे काम कुणाचं ते तुझ्या तोंडानं सांगितलंस, तर मी फक्त क्रियापदांवर बोलेन. नाहीतर तुझ्यावर बोलेन. ठरवायला तुझ्या हाती महिनाभर असावा, म्हणून हे पत्र. एवढी संधी तू मला दिली नव्हतीस.

तुझीच,
पण पूर्ण नावानिशी,
मनकर्णा मुखरू उराडे