गॅरेजातला पंप आणि आश्लेषाचं घर

मी, मोरेश्वर रघुनाथ आठल्ये, वय एकोणसत्तर, राहणार चँडलर, ॲरिझोना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही न पढवता लिहून ठेवतो. रक्तदाब सोडला तर प्रकृती ठणठणीत आहे. सकाळपासून एक थेंबही घेतलेला नाही, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

१. यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करतो. ते रागाच्या भरात केलं होतं. माझी एकुलती एक मुलगी आश्लेषा, मी जुळवून दिलेलं लग्न मोडून परत आली, तेव्हा घर आणि पुंजी मी धाकटा भाऊ शैलेंद्र, राहणार फ्रिस्को, याच्या नावे लिहून टाकली. वकिलाने बजावलं आहे की या कागदावर माझी सही पडेपर्यंत तो जुनाच कागद खरा. म्हणून आज शेजारच्या यतीन आणि निधी या जोडप्याला साक्षीला बोलावून स्वयंपाकघरात बसवलं आहे.

२. राहतं घर आणि बँकेतलं जे काही असेल ते आश्लेषाचं. ती चार वर्षांच्या नैनाला घेऊन मागच्या खोलीत राहते. तिला दुसरा आसरा नाही. शैलेंद्र दर फोनला विचारतो, "दादा, घर विकायला कधी काढतोस?" माझ्या माघारी तो त्या दोघींना महिनाभरही टिकू देणार नाही. मी त्याला पाळण्यापासून ओळखतो. लग्नाच्या बाबतीत माझंच बरोबर होतं, हे मत कायम आहे. पण पोरगी घरात वावरत असली की मला बरं वाटतं, आणि तिला कोणी बाहेर काढू नये म्हणूनच हा कागद. एवढं पुरे.

३. शैलेंद्रला माझी धान्य भरडायची चक्की द्यावी. मी घरी बिअर करतो, तिच्या जवासाठी ती घेतली होती. नाताळात ही मंडळी आली असताना त्याच्या बायकोने, सुहासिनीने, मला न विचारता तीत गोडा मसाला दळला. पुढे कित्येक महिने माझ्या बिअरला दगडफुलाचा वास येत होता. तेव्हा पाहुणे म्हणून गप्प बसलो. आता सांगतो, घेऊन जा ती चक्की.

४. बिअरची भांडी आणि पंप. माझी दिवंगत पत्नी सरला हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुमच्या दारूची भांडी मी घासायची नाही." शब्द पाळला तिने. बिअर गार करायचं तांब्याचं वेटोळं तेवढं चिंचेने लख्ख करून द्यायची, कारण काळं पडलेलं तांबं तिला बघवत नसे. ती गेल्यावर मी जुन्या वॉशिंग मशीनचा पंप काढून फळीवर बसवला. गरम सोड्याचं पाणी पातेल्यातून नळीत, नळीतून वेटोळ्यात आणि परत पातेल्यात फिरत राहतं. घासायची कटकट नाही. हे सगळं आश्लेषाने सांभाळावं.

चालवण्याची पद्धत अशी. पंप गॅरेजमधल्या सॉकेटला लावू नये. त्यावर एक बटण आहे, ते पंप लावला की टक्कन पडतं आणि वीज तोडतं. महाभित्रं सॉकेट आहे. दिवाणखान्यातून वायर ओढावी. त्या वायरीला दोनच भोकं असल्यामुळे पंपाची तिसरी पिन मी कापून टाकली आहे. फरशी ओली असली की पातेल्याला हात लावताना झिणझिण्या येतात, तर पायात रबरी स्लिपर असावी. पुण्यात आमच्या गिझरला वर्षानुवर्षं शॉक होता, म्हणून कोणी आंघोळ सोडली नाही. हल्ली झिणझिण्या कोपरापर्यंत जातात, पण ते नळीच्या सांध्यातून पाणी गळतं म्हणून. सांधा बदलायचा आहे.

आश्लेषा म्हणते, "बाबा, धिस थिंग विल किल यू. प्लीज, हात नका लावू." तिने परस्पर इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो सोमवारी येणार आहे, आज शनिवार. येऊ दे बापडा, तिच्या जिवाला शांतता. मी जन्मभर कारखान्यातली यंत्रं सांभाळली, मला कोण शिकवणार?

५. साक्षीदाराला काही ठेवून जाऊ नये असं वकील म्हणतो. तेव्हा यतीनला त्याच्या वाटची बिअर सही झाल्यावर आजच पाजतो.

६. हे लिहीत असताना गॅरेजातून पाणी सांडल्याचा आवाज येतो आहे. मघाशी पंप लावून आलो होतो, सांधा निसटला असणार. निधी म्हणते आहे, "काका, आधी सही करा ना, मग जा." सोड्याचं पाणी तिथल्या फ्रीजखाली शिरलं तर निस्तरायचं कोणी? पंप बंद करून येतो आणि बैठक मारून नीट सही करतो. साक्षीदारांनी तोवर आपल्या सह्या उरकून घ्याव्यात.

ठिकाण: चँडलर, ॲरिझोना
तारीख: १४ जुलै २००७

साक्षीदार:
यतीन कुलथे (सही)
निधी कुलथे (सही)

लिहून देणार: मोरेश्वर रघुनाथ आठल्ये
सही: ____________

यापुढचा मजकूर माझा, यतीन कुलथे याचा, १५ जुलै. काका गॅरेजमध्ये गेले आणि ओल्या फरशीवर शॉक लागून तिथेच गेले. आम्ही धावलो, वायर ओढून काढली, ॲम्ब्युलन्स बोलावली. उपयोग झाला नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर आश्लेषाने हा कागद वाचला आणि मला एकच विचारलं, "यतीन, त्यांनी साइन केलं होतं ना?" मी नाही म्हणालो. शैलेंद्रकाका उद्या सकाळच्या फ्लाइटने येत आहेत, त्यांच्या हातात हा कागद मीच देणार आहे. शैलेंद्रकाका, अक्षर तुमच्या दादांचं आहे आणि त्यांना काय हवं होतं ते आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर बसून ऐकलं आहे. नैना मागच्या खोलीत झोपली आहे. पुढचं तुमच्यावर आहे.