चार रविवार सारखे वजन

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लाकडाची आखूड धनुष्ये घडवण्याचा, राहणार याच घराच्या पुढच्या खोलीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धमकावलेले नाही. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. ते आयुष्यात एका ठिकाणी कधी बसलेले नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. आई मला भिंगरी म्हणायची, पुढे सगळी गल्ली म्हणू लागली. एवढे लिहितानाही मी दोनदा उठलो आहे.

डॉक्टरीणबाई म्हणतात दोन महिने, फार तर तीन. भिंतीवर टांगलेल्या धनुष्याला वाळायला अजून चार तरी लागतील. घाई आहे ती यामुळे.

कलम १. हे घर माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या नावावर अर्धे अर्धे आहे. माझा अर्धा भाग माझ्या एकुलत्या एक मुलीचा. मागची खोली धाकट्याची आहे आणि त्याचीच राहील. तिथला बाणांचा पसारा आवरण्याचा मोह कोणीही करू नये, त्याला त्या पसाऱ्यात सगळे सापडते.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीचे. तिच्या आईची साड्यांची पेटीही तिची. पेटीला किल्ली नाही, तळाशी एक थाप मारली की उघडते.

कलम ३. हत्यारे. सगळे रंधे, पटाश्या, दोन मुठींची सुरी आणि मोठी कानस समोरच्या सुताराला द्यावी. त्याच्याशी माझे अकरा वर्षे बोलणे नाही. माझ्या गिऱ्हाइकांसमोर त्याने माझ्या धनुष्याला खेळणे म्हटले होते, आणि ते मी विसरलेलो नाही, मेल्यावरही विसरणार नाही. पण हत्यार धार लावून मगच जागेवर ठेवणारा या गल्लीत तेवढा एकच माणूस आहे. म्हणून हत्यारे त्याला. माफी नाही. जावयाने वाईट वाटून घेऊ नये. त्याने माझ्या चांगल्या कानशीने न्हाणीचे फुगलेले दार घासले होते, ते आठवून पाहावे.

कलम ४. वखारवाल्याने मला मेण भरून गाठ लपवलेली फळी विकली होती. ती फळी मी सतरा वर्षे जपून ठेवली आहे. ती त्याला परत करावी. निरोप काही नको, त्याला कळेल.

कलम ५. माझ्या खोलीतला उभा आरसा शिंपीणबाईंना द्यायचा होता. पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि वकीलबाई सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, ज्याने साक्षीची सही केली त्याचा वाटा गेला. म्हणून आरसा आजच त्यांच्या दुकानात पोचवला. शिंपीणबाई म्हणाल्या, “मरायच्या आधी एवढी उठाठेव करणारा माणूस मी पाहिला नाही.” मीही पाहिलेला नाही.

कलम ६. धनुष्य. भिंतीवर मधल्या खुंटीला आहे ते माझे शेवटचे. उभे केले तर माझ्या कमरेच्या थोडे वर येते. इतके आखूड लाकूड पूर्ण ओढले तर त्याची पाठ फाटते, म्हणून पाठीवर जनावराच्या पायाच्या शिरा चिकटवतात. खाटकाकडून शिरा आणायच्या, वाळवायच्या, लाकडी हातोड्याने कुटून त्यांचे केसासारखे धागे काढायचे. मग ऊन सरसात बुडवून, विंचरून, एकेक पेड मुठीपासून टोकाकडे बसवत जायचा. भिंतीत विटांचे सांधे चुकवतात तसे पेडांचे सांधे चुकवायचे. असे तीन थर. माझे हात आता थरथरतात, तरी थर सरळ बसले आहेत. सुताराने येऊन बघावे.

यानंतर जे काम उरते ते मला जन्मात जमले नाही. ते म्हणजे थांबणे. सरसातले पाणी बाहेर पडायला महिने लागतात. वरून हाताला कोरडे लागते, नखाने टकटक केले तर हाडासारखे वाजते, आणि आत ओल असते. ती ओल फक्त तराजूला कळते. दर रविवारी वजन करायचे. वजन उतरत असेल तर पाणी अजून निघते आहे. चार रविवार सारखे भरले की वाळले. त्याआधी दोरी चढवायची नाही, ऊन दाखवायचे नाही, विस्तवाजवळ न्यायचे नाही.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने वजने लिहिली आहेत. रविवारची तेवढी खरी धरावीत, मधली माझ्या अधीरपणाची आहेत. आत्ताच पुन्हा करून आलो. सहाशे एकेचाळीस ग्रॅम. काल बेचाळीस होते.

हे धनुष्य मी माझ्या धाकट्या भावाला देतो. पहिल्यांदा दोरी त्याने चढवावी आणि पहिल्यांदा त्यानेच ओढावे. पण त्याआधी त्याला पुढचे कलम वाचून दाखवावे, आणि मगही त्याची इच्छा असली तरच.

कलम ७. शेगडी. कोपऱ्यातली लोखंडी शेगडी मोडून भंगारात घालावी, कोणाला वापरायला देऊ नये.

एकतीस वर्षांपूर्वी दहा दिवसांवर तिरंदाजीची स्पर्धा होती. धाकट्याइतका नेम आमच्या क्लबात कोणाचा नव्हता. नवे धनुष्य मी त्याच्यासाठीच केले होते, शिरा बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि वजन रोज उतरत होते. धाकटा बाणांची पिसे आणायला परगावी गेला. मी ते धनुष्य तीन दिवस या शेगडीवर टांगून ठेवले. तो यायच्या सकाळी काढले, फडक्याने पुसले आणि खुंटीला अडकवले, जसे काही तिथून हललेच नव्हते.

तो आला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, “दादा, वाळलं का?”

मी म्हणालो, “खडखडीत.”

त्याने लगेच दोरी चढवली. तिसऱ्या ओढीला पाठीवरचा थर सुटला, लाकूड मोडले आणि वरचे टोक त्याच्या डाव्या डोळ्यात गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, कसे झाले. क्लबातली माणसे उभी होती. मी म्हणालो, “याने प्रमाणाबाहेर ओढलं.” धाकटा खाटेवर होता, डोक्याला पट्टी होती, पण कान उघडे होते. तेव्हापासून सगळे तेच सांगत आले, आणि त्यानेही कधी खोडले नाही. त्याने धनुष्य पुन्हा हातात धरले नाही. मागच्या खोलीत बसून बाण करू लागला. बाण सरळ आहे का ते बघताना म्हणतो, “माझा एक डोळा मिटायचा त्रास वाचला.” गिऱ्हाईक हसते. मी तेव्हा काहीतरी आणायला उठतो.

त्याने प्रमाणात ओढले होते. चूक माझी होती. खोटे मी बोललो. हिला, माझ्या बायकोला, माहीत होते, तिने धनुष्य शेगडीवर पाहिले होते. “सांगून टाका,” एवढेच म्हणायची. नऊ वर्षांपूर्वी ती गेली, त्याच्या आदल्या आठवड्यातही म्हणाली. मी कितीदा मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि चहा विचारून परत आलो. त्याला वाटत असेल, दादाला चहा फार लागतो. मला लाज वाटते. एकतीस वर्षे वाटते आहे.

वकीलबाईंनी हे कलम वाचले आणि चष्मा काढला. “म्हणजे हे त्यांना तुमच्या माघारी कळणार?”

“हो.”

“मग ते तुम्हाला काही बोलू शकणार नाहीत.”

“नाही.”

“काका, सोय छान केलीत स्वतःची.”

मला राग आला. खोलीत दहा फेऱ्या मारल्या. मग राग कोणावर आहे ते कळले.

कलम ८. तरी कलम सात माझ्या माघारी नव्हे, आजच वाचले जावे. हा कागद शिंपीणबाईंच्या हाती मागच्या खोलीत पाठवत आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा औषधवाल्यासाठी मोकळी ठेवली आहे, तो दुकान बंद करून येतो म्हणाला. धाकटा काही म्हणो वा न म्हणो, यातला शब्द मी बदलणार नाही. याआधी केलेले मृत्युपत्र नाही. पुढे करायला वेळ नाही.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : रविवार, १४ नोव्हेंबर २०२१

सही : मृत्युपत्र करणारा, ऊर्फ भिंगरी

साक्षीदार पहिली : शिंपीण, समोरचे दुकान. सही केली. कागद मागच्या खोलीत मीच नेऊन दिला. अर्ध्या तासाने धाकटे कागद घेऊन स्वतः बाहेर आले. आरसा मिळाला.

साक्षीदार दुसरा : सही, धाकटा भाऊ, मागची खोली. औषधवाल्याला परत पाठवले. सही दादाच्या समोर करतो आहे, तो येरझाऱ्या घालतो आहे, म्हणून बोलण्याऐवजी इथेच लिहितो.

दादा, त्या दिवशी धनुष्य हातात घेतलं तेव्हा ते कोमट होतं. खुंटीवरचं लाकूड कोमट नसतं. मला कळलं होतं आणि तरी मी ओढलं, मलाही ती स्पर्धा हवी होती. दवाखान्यातलं तुझं बोलणं मात्र मला लागलं. अजून लागतं. खरं काय ते तू कधीतरी तोंडाने बोलशील म्हणून मी दर वेळी चहाला हो म्हणत आलो.

साक्षीदाराला काही मिळत नाही, हे वाचूनच सही केली आहे. मला हे धनुष्य तुझ्या माघारी नको. चार रविवार सारखे भरले की तू खुंटीवरून काढ आणि माझ्या हातात दे. मी ओढेन.

रोज वजन करू नकोस. तोवर थांब.