यमुनाबाईच्या घराची मागची भिंत

घाटंजी, ५ एप्रिल १९५८
वसंता, हे वाचशील तेव्हा विचारशीलच, "आजी, घर पाहायला तुला सांगितलं कोणी?" तूच सांगितलंस बाबा, अमरावतीच्या मोटारीत एक पाय ठेवून. छत्री विसरतोस, बायकोला कबूल केलेलं लुगडं विसरतोस, एवढंसं बोलणं तुझ्या डोक्यात कुठून टिकणार. म्हणून रोजचं रोज त्याच बायकोकडून, कुसुमकडून, लिहवून ठेवते. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. मला वाचता येत असतं तर भांडले असते.
घरमालकाच्या मुलाचं लग्न जेठात. तोवर या खोल्या सोडायच्या.

७ एप्रिल
घर पाहिलं. मालकीण यमुनाबाई, एकटी. लेकीकडे मुकुटबनला जायचं म्हणून विकते. दोन खोल्या, ओटा, परसात विहीर. पाणी चाखलं, गोडं आहे. छपराची कवेलू बरी. सागाचं लाकूड काठीनं ठोकलं, उधईनं कुठं पोखरलं नाही.
तुझ्या आजोबांच्या बदल्यांपायी मी वणी, दारव्हा, पुसद, किती ठिकाणच्या चुली लिंपल्या. एकही माझी नव्हती. ही होईल असं वाटलं. कुसुमला म्हटलं, चेहऱ्यावर दाखवू नको. पण तिचा चेहरा म्हणजे दवंडी.
एक खटकलं. मागची भिंत तेवढी नुकती सारवून पांढऱ्या मातीनं पोतारलेली. बाकीच्या तीन जुन्याच. सण नाही, लग्न नाही. मग हीच काहून?
चहा घेतला. साखर सढळ होती, तिचाही संशय आला.

८ एप्रिल
पुसदला शेजाऱ्याची भिंत अशीच, भेग झाकायला रंगवलेली होती. काळ्या मातीवरचं घर. पावसात जमीन फुगते, उन्हात आकसते, भिंत बिचारी काय करील.
कुसुम म्हणते, तुम्ही उगीच. उगीच तर उगीच. ऊन वाढून राह्यलं आहे. थोडं थांबू, भिंत आपणच बोलेल.

११ एप्रिल
कैऱ्या मागायचं निमित्त करून गेले. मुद्दाम मागच्या भिंतीशी बसले. कोपऱ्यात वरून खाली केसाएवढी रेघ.
"काय पाहता बाई?"
म्हटलं, पाल.
कैऱ्या मात्र चांगल्या दिल्या.

१४ एप्रिल
आज रेघेत माझं नख गेलं. कवेलू दाखवायची म्हणून रहमान मिस्त्रीला नेलं होतं. त्याचं लक्ष वर कमी, खालीच जास्त. बाहेर आल्यावर म्हणाला, पाया मुरमापर्यंत गेला असेल तर भिऊ नका. नसेल तर... आणि विडी पेटवली. भिंतीलगत खड्डा खणून पाहावं लागेल म्हणे.
आता दुसऱ्याच्या भिंतीशी खड्डा खणायचा कसा? आणि विचारायचं कोणत्या तोंडानं?

१६ एप्रिल
विचारलं. भांडायला पदर खोचूनच गेले होते. म्हटलं, "भेग झाकायले पोतारलं न?"
यमुनाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "झाकायले? अवो बाई, घर दुसऱ्याच्या हाती द्याचं तं तसंच कसं द्याव? लेकीले सासरी धाडतानी फाटकं लुगडं नेसवता काय?"
चारही भिंती करायच्या होत्या तिला. मागे सावली म्हणून तिथून सुरुवात केली. माती सरली, बाजारात पुन्हा आली नाही. आणि भेग? ती म्हणे यमुनाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासूनची. चैतात उघडते, आषाढात मिटते.
"मले वाटलं, साऱ्याच घरांले असते."
आळीत दोघीतिघींना मी सांगून चुकले होते की बाई लबाड आहे. हे लिहू नको म्हटलं, तर कुसुम हसून राह्यली आणि लिहून राह्यली.
खड्ड्याचं भीत भीत काढलं. ती म्हणाली, "खणा. मलेही पाहू द्या, एवढी वर्षं मी कशावर झोपली."

१९ एप्रिल
रहमान आणि त्याचा भाऊ सकाळीच आले. एका अंगाला मुरूम लागला, पिवळा, कडक. दुसऱ्या अंगाला खाली खाली काळी मातीच. म्हणजे अर्धी भिंत पक्क्यावर, अर्धी हलत्या जमिनीवर.
रहमान म्हणतो, पावसाआधी थोडं थोडं खणून खाली दगड भरता येईल. किंवा जशी उभी आहे तशीही उभी राहील. मी म्हटलं, नक्की सांग. म्हणाला, "माय, कसम नाही खात. इतकी सालं उभी आहे. पण मी कोणत्या तोंडानं सांगू?"
यमुनाबाई खड्ड्यात किती वेळ पाहत होती.

२१ एप्रिल
आज गेले तर यमुनाबाईची खाट जागेवर नाही. लग्न होऊन आली तशी त्याच मागच्या भिंतीशी झोपायची. आता ओढून पुढच्या खोलीत नेली आहे.
"झोप येत नाही तिथं," म्हणाली. आणि मग, केळापूरचा एक जण उद्या-परवा घर पाहायला येणार, त्याला भेग दाखवू काय, असं मलाच विचारलं.
मी म्हटलं, दाखवा.
"मंग तोही जाईन."
जाईलच. मी आले नसते तर ती चारही भिंती पोतारून, सुखानं झोपून, लेकीकडे गेली असती.

२३ एप्रिल
केळापूरचा आला. खड्डा पाहून ओट्यावर न टेकता गेला.
तुझी सुट्टी महिनाअखेर. कुसुम म्हणते, दगड भरून घेऊ, घर घेऊ. माझं मत विचारू नको. मला हे घर हवं आहे, त्यामुळे माझ्या डोळ्यांना ती भेग रोज बारीक दिसून राह्यली आहे. तू स्वतः खड्ड्यात उतर, मग हो म्हण की नाही म्हण. खड्डा तसाच ठेवला आहे. यमुनाबाई बुजवू म्हणत नाही, मीही म्हणत नाही.
ही पानं घेऊन उद्या कोणी अमरावतीला निघालं आहे. त्याच माणसाच्या हाती परत टोपलीभर संत्री पाठव, खाली कडबा घालून. अर्धी यमुनाबाईकडे न्यायची आहेत, तेव्हा विकणाऱ्यावर विश्वास टाकू नको. एक फोडायला लाव, चाखून पाहा आणि मगच घे.