तीन चमकांचं दार

जव्हार,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय नीता,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू "सगळं बरं आहे" म्हणतेस, मीही "बरं" म्हणते, आणि कुणालाच काही कळत नाही. म्हणून लिहिते आहे. मोखाड्याला थंडी पडली असेल. आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला. थेंब वेळेवर घालतेस ना? विचारते आहे गं, थोरली जाऊ म्हणून तपासत नाही.

इकडे स्वयंपाकघरातली कपाटं रंगवायला काढली आहेत. पुंजा रंगाऱ्याने एका दारावर तीन पट्टे मारून दिले: चकचकीत, मंद चमकेचा सॅटिन आणि बिनचमकेचा मॅट. रंग एकच, पांढरा. फरक फक्त चमकेचा. मी चकचकीतच घेणार होते. आधीचाही तोच होता, पुसला की स्वच्छ.

पण हेमंतने लक्ष घातलं. वीस वर्षांत ज्याला चहापत्तीचा डबा सापडला नाही, तो माणूस सकाळी बॅटरी घेऊन त्या दारासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, चकचकीत डोळ्यावर येतो, खाली बसून बघ. आमच्याकडे खाली बसून कोण काम करतं, असं मी विचारलं, तर "असंच" म्हणाला. दोन दिवसांनी माळ्यावरची विळी खाली आली, धार लावून. मी डायरीत दोन्ही तारखा लिहिल्या.

शेवटी पुंजाला गाठलं. तो डबा ढवळत होता.

"तुमाला नाय सांगला का, बाय? म्हातारी येणार नी. सायेब बोलले, डोलं दिपतील तिचं."

म्हणजे रंगाऱ्याला ठाऊक, मला नाही. तुला ठाऊक होतं का, नीता? तुझं "आई बऱ्या आहेत" मी आता शब्द शब्द उलटून बघते. तुम्हा सगळ्यांचं ठरलंय आणि मला कपाटं सुकल्यावर कळवणार, असं आहे का?

हेमंतला विचारलं. तो म्हणाला, "आधी विचारलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस?"

अर्थात, म्हणाले मी. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आठ दिवस पुरलंय.

आई तुझ्याकडे का आल्या, हे मी तुला नीट सांगितलेलं नाही. दवाखाना जवळ पडतो म्हणून, असं म्हटलं होतं. खोटं होतं ते.

त्या चकचकीत दारांवर रोज हाताचे ठसे उमटायचे. तेलकट, पाचही बोटं, दारामागून दार. मला वाटायचं, मी शाळेत शिकवायला गेले की आई कपाटं धुंडाळतात. कोणत्या दिवशी कोणत्या दारावर, हेही मी लिहीत होते. मार्चभर लिहिलं. मग एका दुपारी त्यांना दारावरून हात फिरवताना पकडलं, आणि चोराला विचारावं तसं विचारलं, "काय शोधताय?"

"ओटा शोधतेय," त्या म्हणाल्या.

मला तो टोमणा वाटला. तुला माहीत आहे त्यांची जीभ. माझ्या स्वयंपाकघरात त्यांना जागा नाही, हेच सुचवतायत असं वाटलं. मी म्हणाले, यापुढे माझ्या कपाटांना हात लावायचा नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि मधोमध उभ्या राहिल्या. पाणीसुद्धा मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेमंतला मोखाड्याला सोडायला सांगितलं.

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले ते तूच सांगितलंस. वर्षभर त्यांना डाव्या डोळ्याने काही दिसत नव्हतं, उजव्याने जेमतेम. तू सहज सांगितलंस. मी फोन ठेवून मार्चची पानं काढून बसले.

काल पुंजाला सॅटिन सांगितलं. मॅटवर हळदीचे डाग बसतात, चकचकीत डोळ्यावर येतो. पण सॅटिनवर हाताचे ठसे उठत नाहीत, हेही मला माहीत होतं. यातलं नेमकं कशासाठी निवडलं, ते मला सांगता येत नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने येते आहे. हे पत्र आईंना पूर्ण वाचून दाखव, मार्चसकट. गोड करून सांगू नकोस. मी दारात उभी राहण्याआधी त्यांना कळायला हवं, म्हणजे "येऊ नको" म्हणायला त्यांच्या हाती चार दिवस राहतील.

त्या तसं म्हणाल्या, तर मला फोन कर. मी वाद घालणार नाही.

तू माहीत असूनही गप्प राहिली असलीस, तर बरोबरच केलंस असं मानणारी,

तुझी जाऊ,
उज्ज्वला