मेथीची पचडी

प्रिय शमिका,

तुझ्या डोहाळजेवणात मी तुझ्यापुढची पचडीची वाटी उचलून कचऱ्यात रिकामी केली. त्यावर सासूबाई काय म्हणाल्या, ते मला ऐकू आलं. "हिला स्वतःचं नाही, म्हणून धाकट्या जावेचं बघवत नाही."

ती कच्ची मेथी माझ्याच गच्चीवरच्या कुंड्यांतली. शेजारची करडी मांजर त्याच कुंड्यांत घाण करते आणि सासूबाईंनी घाईत मेथी नुसती पाण्यातून काढली होती. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मातीत येतो. गरोदर बाईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली, तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला धोका असतो. मला दिवस गेले होते तेव्हा राजाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मातीत हातमोजे घाला, पालेभाजी नीट धुऊन शिजवूनच खा. मी सगळं पाळलं. तरी चौथ्या महिन्यात माझं बाळ गेलं. तू काहीच पाळलं नाहीस आणि तुला सातवा लागला.

हे सगळ्यांना सांगता आलं असतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं, म्हणून हे पत्रही तुला देणार नाही.

पचडी वाढली तेव्हा मी समोरच होते. हिरव्या साडीत तू हसत मला म्हणालीस, "अक्का, अजून स्वल्प वाढा ना." मी गप्प बसून राहिले. तुझा हात तोंडाशी गेला, तेव्हा कुठे उठले.

अक्का जळून उठली, असं सगळे म्हणतात. जळत होते तोवर तर मी बसून होते, शमिका.

तुझी थोरली जाऊ,
हर्षदा